एकच रेघ

२ डिसेंबर १९९६
नोकरी लागली! बरकतपुऱ्यातल्या एका बंगल्यात नवी कंपनी निघालीय, तान्ह्या मुलांच्या छातीत उतरणारा सर्दी-खोकल्याचा विषाणू पाव तासात ओळखणारं किट बनवते. नांदेडहून येऊन अक्काच्या घरी नुसतं बसून खायची लाज वाटत होती. मालक भगवंतराव हसतमुख. जमाना खुला झाला, आता परदेशी किट कशाला, म्हणाले. नाकातला शेंबूड पट्टीवर घालायचा. दोन रेघा म्हणजे आजार, एक म्हणजे नाही. आजारी मुलांपैकी किती जणांना किट पकडतं, ते मी तपासायचं. जानेवारीत नुमाईश, इथलं मोठं प्रदर्शन, लागली की अक्काला आणि तिच्या तान्ह्या चिनूला नामपल्लीला नेणार. चिनू म्हणजे लोण्याचा गोळा. घरी आले की आधी त्याचा पापा.

६ डिसेंबर
शी! दवाखान्यात नमुने घ्यायला गेले. माझ्यासोबत काम करणाऱ्या अंबाजींनी शिकवलं. रबरी नळीचं एक टोक बाळाच्या नाकात, दुसरं आपल्या तोंडात, मधे छोटी बाटली. आपण ओढायचं की शेंबूड बाटलीत पडतो. हिरवट, कोमट, तारा धरणारा. पंप मागवलाय म्हणे, आला नाही. अंबाजी म्हणाले, घाबरू नक्को बेटी, बाटली हाय ना मधे. घरी कितीदा चुळा भरल्या, तरी दह्याची तार पाहून पानावरून उठले.

११ डिसेंबर
पक्की परीक्षा वेगळी असते. तोच नमुना काचेच्या बाटलीत वाढवलेल्या पेशींवर घालायचा. विषाणू असेल तर काही दिवसांत पेशी एकमेकींत वितळून ओंगळ गोळे होतात. पुष्कळदा तिथे गोळे दिसतात आणि किटवर मात्र एकच रेघ! भगवंतरावांना सांगितलं. ते म्हणाले, किट नाही म्हणतं तो नमुनाच खराब. फेकून दे, बाकीचे मोज. मोजले. शंभर टक्के! आकडा पाकिटांवर छापायलाही गेला, आणि साहेबांनी बदाम की जाली ही इथली मिठाई वाटली. माझ्या घशाखाली उतरेना. मी फटकन बोलले, असं मोजलं तर किट कधी चुकणारच नाही. तेच तर, म्हणाले.

१६ डिसेंबर
बघता बघता बाटली भरली, मला कळलंच नाही. ओढलं आणि... तोंडात. खारट, गिळगिळीत, परक्या लेकराचं. मोरीत ओकले. जीभ खरवडली, तरी चव जात नाही.

१९ डिसेंबर
नाक वाहतंय, अंग ठणकतंय. अंबाजी तापाने फणफणून घरी पडलेत. माझाच नमुना किटवर घातला. एकच रेघ. साहेब म्हणाले, ठणठणीत आहेस, कायकू परेशान होतेस? हायसं वाटलं. हो, वाटलं! सगळं ठाऊक असून वाटलं. थोडा नमुना पेशींच्या बाटलीतही घातलाय. घरी चिनू रडत होता. अक्काने विचारलं, सर्दी साधीच ना? मी हो म्हटलं. तिने त्याला माझ्या मांडीवर दिला.

२४ डिसेंबर
बाटलीत गोळे. माझ्या नाकातल्या घाणीने झालेले — भिंगाखाली चिकटून, फुगून — शी, शी! साहेबांनी पाहिलं नि बाटली कचऱ्यात टाकली. नमुना खराब म्हणे.
धावत घरी आले. चिनू खोकतोय.

२६ डिसेंबर
दूध ओढत नाही. श्वास घेताना छाती आत जाते. दवाखान्यात नेलं. तिथे आता आमचंच किट. ऑक्सिजनच्या वॉर्डात खाटा कमी, दोन रेघा असतील त्यालाच घेतात. चिनूची एकच.
मी ओरडले, ते चुकतं, मीच मोजलंय! नर्सने पाकीट पुढे धरलं. शंभर टक्के. माझाच आकडा.
घरी पाठवलं.

२७ डिसेंबर, दुपार
ओठ निळे. चिनूचे बाबा, हेमंत भाऊजी, रिक्षा आणायला गेलेत, दुसऱ्या दवाखान्यात न्यायला — अजून आले नाहीत. अक्का पुन्हा पुन्हा विचारतेय, साधीच सर्दी म्हणाली होतीस ना —

नमुने घ्यायची नळी कामावरून आणलीय. एक टोक चिनूच्या नाकात, दुसरं —
किळस नाही आता. कसली किळस. ओढलं. श्वास आला! बाटली भरली. ओतली. पुन्हा भरली —

अक्का म्हणतेय लिहू नकोस, ओढ. ओढतेय गं —

पलीकडून काहीच येत नाही. श्वासही —