सिमकार्ड नसलेले फोन

बांडुंग, १४ नोव्हेंबर

प्रिय इमासताई,

सलाम. तुम्ही आणि बाबा ठीक असाल. इथे रोज दुपारी पाऊस. खालचा बाटागोरची भजी तळणारा गाडीवाला अजून तुमची चौकशी करतो, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

आपला शेतीचा गेम बाजारात आला, तो गोंधळ कानावर आला असेलच. खेळ सेव्ह होत असताना मध्येच कुणाचा फोन आला, तर लोकांची शेतं पुसली जातायत. तुम्ही लिहून दिलं होतं, अगदी तसंच.

हर्मावान साहेबांनी विचारलं, "चार हजार लोक दोन महिने चाचणीचा बीटा गेम खेळले, एकालाही दिसलं नाही?" मी म्हटलं, दिसलं असणार. पण ते खेळायला आले होते, तक्रारी लिहायला नाही. शेत गेलं की वैतागून गेम काढून टाकायचे आणि आम्ही त्यांना 'कंटाळले' या रकान्यात टाकायचो. आपल्या खोलीतल्या चाचणीच्या वीस फोनांत तर सिमकार्डच नव्हतं. त्यांना कोण फोन करणार?

तुम्ही मात्र जेवणाच्या सुट्टीत बाबांना फोन करायचात, आणि तेव्हा ते अंथरुणात पडून खेळत असायचे. म्हणून तुम्हाला सापडलं. 'पुन्हा घडत नाही' असा शेरा मारून मी तुमची नोंद बंद केली.

मग तुम्ही बाबांचा फोन आणून जिन्यात मला करून दाखवलंत. मका, तळं, बदकं, सगळं गेलं. मी म्हणालो, "ताई, तारीख जाहीर झालीय. आता नको."

"यायान, दीड महिना ते दुसरं काही करत नव्हते रे," एवढंच तुम्ही बोललात. इथवर तुम्हाला माहीत आहे.

वर जाऊन मी साहेबांना सांगितलं, की ताईंच्या बाबांचा फोनच बिघडलाय, घरच्या काळजीनं त्यांचं कामात लक्ष नाही. तुमचा करार वाढला नाही, तो त्यामुळे. माणसं कमी केली, हे तुम्हाला सांगितलेलं खोटं होतं. तेव्हा सगळेच दमलो होतो, पण ते कारण नव्हे. मी घाबरलो होतो.

काल बैठकीत हे बोललो. साहेब मग म्हणाले, "तू स्वतः पाहिलं होतंस?"

"हो."

सोमवारपासून मी तिथे नाही. तुम्हाला परत बोलावणार आहेत. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, फक्त माझ्यामुळे नको म्हणू नका.

बाबांना सलाम सांगा म्हणायचं धाडस होत नाही.

जिन्यात तुमच्या शेजारी उभं राहून सगळं पाहिलेला,
यायान