शटरच्या आतली रिंग

धाड गाव, मंगळवार, संध्याकाळ

कॉलेजची यादी लागली. पण पाहू कशी? फॉर्मवर ऑनलाइन फॉर्मच्या दुकानवाल्या गजूभाऊनं स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. साऱ्या गावाचे फॉर्म तो असेच भरते. "ओटीपी माया फोनवर येते, तुले काऊन टेन्शन?" म्हणे. प्रवेश, स्कॉलरशिप, सगळं त्याच्याच नंबरवर. अन् तीन दिवसांपासून दुकानाचं शटर खाली. उद्या पाचच्या आत सीट पक्की नाही केली तर गेलीच.

त्याची बायको म्हणते, लग्नाले गेले. खरंच? त्यानं फॉर्म भरल्याची पावती काऊन नाही दिली? अन् मी मूर्ख, मागितली काऊन नाही?

आता पुन्हा जाऊन आली. शटर खालीच. तिथूनच त्याले फोन लावला. रिंग शटरच्या आतून ऐकू आली. दोनदा वाजली.

मग कोणीतरी कट केली.