वैद्यीण नाही म्हणेल, असं धरून

मलकापूर,
शुक्रवार

प्रिय डिंपल,

तुझं रक्त वाढतंय, पण सावकाश, असं तुझ्या भावाने, भागवतने, हर्षलला फोनवर सांगितलं. सावकाश म्हणजे किती, ते हर्षलने विचारलं नाही. मी त्याच्यावर रागावले, पण कुठल्या तोंडाने? इतके महिने तू माझ्या डोळ्यांसमोर पांढरी पडत होतीस आणि सासू म्हणून मीही काही विचारलं नव्हतं. तू माहेरी, धाड गावाला, गेल्यापासून हर्षल कापसाच्या जिनिंग मिलमधून आला की कुकर लावतो आणि शिट्ट्या मोजायला विसरतो. भात एक दिवस कच्चा, एक दिवस लगदा. पोळ्या मी करते. मुजम्मिलने परवा एक खाल्ली आणि म्हणाला, "मॅडम, ही तं ढाल म्हणून वापरता येते." शाळेत असताना माझ्या भूमितीच्या तासाला हे बोलला असता तर बाकावर उभा केला असता. आता काय बोलणार, पोळी तशीच झाली होती.

मला आडून लिहिता येत नाही. मला लाज वाटते आहे, आणि कशाची ते तुला सांगायचं आहे. त्यातलं बरंच तुला माहीत आहे, तरी क्रमाने लिहिते. गणित शिकवण्यात आयुष्य गेलं. पायऱ्या मांडल्याशिवाय मला चूक सापडत नाही.

हर्षल पुण्याची नोकरी सोडून आला तेव्हा त्याच्या सामानात तो खेळ होता. जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणि वीस बाजूंचे फासे. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. काय करायचं ते ज्याचं त्याने सांगायचं आणि जमलं की नाही ते फाशाने ठरवायचं. शिकलेल्या मुलांनी टेबलाभोवती बसून राक्षस मारायचे, याचं मला हसू यायचं. मग एका रविवारी मी ती पुस्तकं हातात घेतली आणि अडकले. नियम होते ना ते! पण त्यात एक गोष्ट मला सहन होईना. योद्ध्याची तलवार मोडते, बाण संपतात, पण मंत्र घालणाऱ्यांना सकाळी उठलं की सगळे मंत्र फुकट परत. विहीर उपसली तर झऱ्यांना पाणी द्यायला वेळ लागतो, मग यांचंच काय वेगळं? मी हर्षलला बोलले. तो म्हणाला, "आई, मग तूच कर ना नियम. प्रत्येक घरचे वेगळे असतात." त्याला वाटलं मी विसरून जाईन. पुढच्या रविवारपासून गोष्ट चालवायला मी बसले.

नियम साधा केला होता. मंत्राची किंमत स्वतःच्या जिवातून द्यायची. प्रत्येकाकडे जिवाचे ठरावीक अंक. छोट्या मंत्राला एक जाईल, मोठ्याला तीन; सगळे संपले की मरण. गेलेले अंक परत यायचे तर रात्रभर अखंड झोप हवी. झोप मोडली की काही मिळणार नाही. मांत्रिक झालेली अंजुम, मुजम्मिलची बहीण, लगेच काटकसरीला लागली. आगीचा मंत्र तिने इतका जपून ठेवला की दोन वेळा सगळे मरता मरता वाचले. हर्षलच्या माणसाने नळगंगेच्या डोहातल्या आसरेशी, म्हणजे पाण्यातल्या देवीशी, करार केला होता. त्याला मी वेगळी अट घातली, की प्रत्येक मंत्रामागे आसरेला काहीतरी वाहायचं. या पठ्ठ्याने मुजम्मिलच्या योद्ध्याचे नवे बूट वाहिले. मुजम्मिल ओरडला, "अबे, माये बूट काऊन? तुये वाह ना!" सगळे हसले, मीही हसले. आपला भार दुसऱ्याच्या पायावर टाकायची वाट त्याने शोधली होती आणि मला तो हुशार वाटला.

बाकीच्यांना बरं करणारी वैद्यीण कोणालाच व्हायचं नव्हतं. तू झालीस. "कोणीतरी पाहिजेच ना," म्हणालीस. मी तेव्हा मान हलवून पुढे गेले.

आता माझ्या हुशारीचं ऐक. नियम टेबलावर आणण्याआधी मी तो तपासला होता. दुपारी तू भाजी निवडत असायचीस तेव्हा मी समोर चौकटीचे कागद पसरून चौघांच्या वतीने एकटीच फासे टाकत बसायचे. योद्धा मी, मांत्रिक मी, वैद्यीणही मीच. हिशोब छान बसला. कोणी फार बलवान होत नव्हतं, कोणी फुकट मरत नव्हतं. बसणारच. माझी वैद्यीण पाचाच्या खाली आली की सरळ नाही म्हणायची: आज जमणार नाही, उद्या या. मी आयुष्यभर असंच बोलत आले. पेपर तपासायचे असले की मी दार लावून घ्यायचे आणि घरात कोणी हाक मारायचं नाही. दाराच्या पलीकडे स्वयंपाक सासूबाई करत होत्या, म्हणून मला ते दार लावता येत होतं, हे माझ्या कुठल्याच कागदावर आलं नाही.

तू कधीच नाही म्हणाली नाहीस. मुजम्मिलच्या योद्ध्याला ओरखडा आला, तरी तो हात पुढे करायचा आणि तू मंत्र घालायचीस. मुक्कामाला पहारा कोणी द्यायचा असं मी विचारलं की हे तिघे एकमेकांकडे बघायचे आणि तू म्हणायचीस, "मी जागते." म्हणजे तुझी झोप मोडली, म्हणजे तुला काही परत नाही. मी तसं लिहून घ्यायचे. एकदा तू मला विचारलंस, "आई, वैद्यिणीले कोणी बरं करू शकते का?" मी म्हणाले, "तशी तरतूद नाही. वैद्यिणीने स्वतःला सांभाळावं." मनात म्हटलं, मुलीने नियमातली फट बरोबर शोधली आणि मी ती बुजवली. मला स्वतःचं कौतुक वाटलं, डिंपल.

आणखी एक नियम मी केला होता. पाळी आली तेव्हा जो जागेवर नाही, त्याची पाळी गेली. तो खरं तर मुजम्मिलसाठी होता, कारण तो गिऱ्हाइकाचा फोन आला की गच्चीवर जाऊन बसायचा. पण पाळ्या गेल्या त्या तुझ्या. तू आत असायचीस, आमच्यासाठी चहा टाकत, भजी तळत. तू ट्रे घेऊन बाहेर यायचीस तोवर मी पुढच्याला बोलावलेलं असायचं. एकदाही मला वाटलं नाही की हा नियम चहा पिणाऱ्यांनी चहा करणाऱ्या बाईला लावला आहे.

त्या रविवारी खाऱ्या तळ्याच्या काठावरची लढाई होती. तुझ्या वैद्यिणीचा एकच अंक उरला होता आणि अंजुमचा मांत्रिक पडला. हर्षलकडे औषधाची कुपी होती. त्याने ती पुढच्या लढाईसाठी राखून ठेवली आणि तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "देते मी." मी विचारलं, "नियम माहीत आहे ना?" तू म्हणालीस, "हाव." तुझा आवाज किती बारीक आला होता, ते मला आज आठवतं, तेव्हा मी अंक खोडत होते. अंजुमचा मांत्रिक उठला, तुझी वैद्यीण मेली. आणि माझा मुलगा म्हणाला, "डिंपल, आता तू मोकळीच आहेस, तर चहा टाक ना."

तू उठलीस. मी काय म्हणाले, तुला आठवत असेल. मी म्हणाले, "माझ्यात साखर कमी."

मग दूध उतू गेल्याचा वास आला. मी बसल्या जागेवरून ओरडले, "अगं, दूध!" हर्षलही ओरडला. आम्ही दोघं दुधासाठी ओरडलो. उठून आत गेली ती अंजुम, आणि तू ओट्याखाली भिंतीला टेकून बसलेली तिला दिसलीस. पुढचं सगळं तुझ्यासमोरच झालं, म्हणजे तू शुद्धीवर होतीस तेवढं. डॉक्टर हर्षलला बोलले, मला बोलले नाहीत. माझ्या वयाकडे पाहून सोडलं असावं. मला बोलायला हवं होतं. हे एका दिवसाचं नाही, कित्येक महिन्यांचं आहे, असं ते म्हणाले. सगळ्यांची ताटं झाल्यावर उरेल ते तू खात होतीस, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी कधी पातेल्यात डोकावले नाही.

तुला न्यायला भागवत आला तेव्हा तो भांडेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तो भांडला नाही. तुझी पिशवी जीपमध्ये ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या म्हणून तं पोरगी इथं देल्ली होती." एवढंच.

गेल्या रविवारी मुलं आली. खेळायला नाही, बसायला. चहा अंजुमने उठून करू नये म्हणून मुजम्मिलने केला. आलं इतकं घातलं की काढा झाला. मी त्यांना सांगितलं की वैद्यिणीचा नियम चुकला होता आणि मी तो नीट करते आहे: तीन अंकांच्या खाली गेल्यावर वैद्यिणीला मंत्र घालायला मनाई. अंजुमने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मॅडम, नियम पुन्हा तिच्यावरच काऊन? जखमी होते त्याच्यावर लावा ना. मांगणाऱ्यानं आधी सांगावं, त्याच्यापाशी दुसरं काही हाय का नाही ते." हर्षलची मान खाली गेली. कुपी त्याच्याजवळ होती ना. मी कागद बाजूला ठेवला. इतकी वर्षं मुलांना उत्तर ताडून पाहायला शिकवलं आणि स्वतःच्या गणितात मागणाऱ्याचा रकानाच ठेवला नव्हता.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल संध्याकाळी तुझा फोन आला. "आई, सोमवारी येते मी, तुमचे लई हाल होऊन राह्यले असतील." डॉक्टरांनी तुला दिवाळीपर्यंत तिथेच राहायला सांगितलंय, हे मला माहीत होतं. वरचं सगळं मला काल संध्याकाळीही कळलेलं होतं. पण मोरीत भांडी पडली होती, कणीक भिजवायची होती, आणि मी म्हणाले, "ये." एका शब्दात म्हणाले, आणि मला बरं वाटलं. ही ती लाज. पुन्हा फोन लावून नको म्हणावं, तर फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी काही म्हणायच्या आत "हो आई" म्हणून मोकळी होतेस. म्हणून कागदावर लिहिते आहे. मुजम्मिल उद्या दुकानाच्या कामाने बुलढाण्याला जातोय, तो पुढे धाडपर्यंत येऊन हे तुझ्या हातात देईल. तुला सोबत आणायचं नाही, असं त्याला बजावलं आहे. डिंपल, सोमवारी येऊ नकोस. हर्षलने बोलावलं तरी येऊ नकोस. आणि मला मी ओळखते, म्हणून हेही लिहून ठेवते: चार दिवसांनी कंबर धरली, पोळ्यांना कंटाळले आणि मीच फोन करून ये म्हणाले, तर मलाही नाही म्हण.

तुझीच,
छाया