आजीच्या मागावरचे चंदेरी कागद

ताइचुंग, ४ मार्च २००४

ती. यागू आत्यास,
हाताला गोंद चिकटलेला असताना केलेला सा. न.

वि. वि. इकडे सगळं क्षेम. मुख्य बातमी अशी, की शहरातल्या मोठ्या कलादालनात माझ्या एकटीचं प्रदर्शन ठरलंय. विजेच्या तारा, भाजीच्या जाळ्या, मोडक्या छत्र्यांच्या काड्या आणि त्यांतून ओवलेलं रॅमीच्या झुडपाच्या सालीचं सूत, असा माझा भंगारवाल्याचा संसार तिथे छताला टांगणार आहेत. लोक गंभीर चेहऱ्याने बघतील. मीही गंभीर चेहरा करून उभी राहीन, त्याचा मला वीस वर्षांचा सराव आहे.

माहितीपत्रकासाठी जडणघडण आणि प्रेरणा यांवर एक पान लिहून दिलं. प्रत सोबत आहे, पण चष्मा न लावता वाच. आता एक मागणं: आजीचा माग महिनाभर देशील का? दालनात मधोमध मांडावा म्हणते. बातू काकांना नमस्कार.

तुझी लाडकी (असं मीच समजते),
रिमुय

वरचं गाव, १२ मार्च

चि. रिमुयला,
पीचच्या फांद्या छाटता छाटता दिलेले अ. आ.

चष्मा लावून वाचलं, दोनदा. रविवारी चर्चमधून आल्यावर तुझ्या काकांनाही वाचून दाखवलं, त्यांना ठसकाच लागला. सातव्या वर्षी आजीच्या मांडीवर बसून विणायला शिकलीस म्हणे! अगं, कुठली आजी? माझी आई तर तुला मागाजवळ फिरकू देत नव्हती. ती शेतावर गेली की तू चॉकलेटचे चंदेरी कागद वळून तिच्या ताण्यात खुपसायचीस. एकदा ती मागाची पट्टी उगारून नदीपर्यंत तुझ्यामागे धावली होती, सत्तराव्या वर्षी. हे लिही की पत्रकात!

माग देईन, पण दोन अटी आहेत. पुरुषाचा हात त्याला लागता कामा नये, हमालाचा नाही आणि दालनाच्या साहेबाचाही नाही. आणि नेण्याआधी इथे बसून वीतभर साधं कापड विणून दाखव. विणणारीचा माग विणणारीलाच द्यायचा, ही आपली रीत. तुला काय, एका सकाळचं काम! आईचे तळहात आठवतात ना? सूत रंगवायच्या कंदाने कायमचे तांबडे झालेले. मेल्यावर पूर्वजांकडे नेणाऱ्या पुलावरचा राखणदार बाईचे तळहात बघतो, विणणारीचे तांबडे असले तरच पलीकडे सोडतो, म्हणून ती ते कधी घासायची नाही.

थंडीत पायमोजे घालत जा.
आत्या

ताइचुंग, १९ मार्च

ती. आत्यास,
मान खाली घालून सा. न.

मला विणता येत नाही.

लिहिलं एकदाचं. मी गाठी मारते, चिकटवते, तारेने आवळते. विणलं कधीच नाही. एका जाणकारांनी लिहिलं होतं, की रिमुय परंपरा जाणूनबुजून मोडते. मोडायला ती आधी यावी लागते, हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही. उलट ते वाक्य कापून मी भिंतीला लावलं.

आता माझं ते पान वाचून दालनाच्या बाईंनी ठरवलंय, की उद्घाटनाला, २४ एप्रिलला, मी सगळ्यांसमोर मागावर बसून विणायचं. निमंत्रणपत्रिकेत छापूनही टाकलंय. शहरातली माणसं फसतील गं, पण आपल्या गावच्या बायका बस करून येणार आहेत. त्या पहिल्या ओळीतच ओळखतील, आणि मग मला गावात तोंड दाखवता यायचं नाही. पाय मोडला म्हणून कळवावं असं चाललंय मनात. कुठला मोडू, तेवढं सांग.

तुझी खोटारडी,
रिमुय

वरचं गाव, २३ मार्च

चि. रिमुयला अ. आ., आणि एक धपाटा.

पाय मोडू नकोस, कमरेला पट्टा बांधून मागाचा ओंडका रेटायला दोन्ही लागतात. उद्याची बस पकड. महिनाभर इथेच राहायचं. गोंद आणायचा नाही.

आत्या

ताइचुंग, २६ एप्रिल

ती. आत्यास,
दुखऱ्या कमरेतून वाकून सा. न.

गुडघ्यामुळे तुला प्रवास झेपला नाही आणि तू आली नाहीस, ते बरंच झालं. माग मी कपाळाला पट्टी अडकवून पाठीवर घेऊन दालनाच्या पायऱ्या चढले आणि फिरत्या दारात अडकले. दोन रखवालदार मदतीला धावले, तर मी अशी किंचाळले की बिचारे लांबूनच सूचना देत राहिले.

मग मागावर बसले. पट्टा बांधण्याआधी सगळ्यांना सांगून टाकलं, की पत्रकातलं पहिलंच वाक्य खोटं आहे, आणि मी हे गेल्या महिन्यात आत्याकडून शिकले, दर ओळीला तीन शिव्या खाऊन. शहरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या; त्यांना वाटलं हीसुद्धा कलाच. आपल्या बायकांनी नाही वाजवल्या. त्या अगदी जवळ आल्या, धागे मोजले, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी माझ्या मागे बसली आणि तिने पट्टा घट्ट करून दिला. चार बोटं विणून झालं, तेही वाकडं. सात धागे तुटले. पण आत्या, मला फार बरं वाटलं. अजून वाटतंय.

तळहातावर गोंदाच्या चट्ट्यांशेजारी मागाच्या पट्टीची रेघ उठली आहे. दोन दिवस ती धुतली नाही. तुला वाटेल श्रद्धेने, पण खरं म्हणजे झोंबते. माग कधी परत आणू, ते कळव.

तुझीच,
रिमुय

वरचं गाव, २ मे

चि. रिमुयला,
पूर्ण मनापासून अ. आ.

सोबत आईच्या हातचं शेवटचं कापड पाठवत आहे. इतकी वर्षं ते मी पेटीच्या तळाशी दडवलं होतं. तीस वर्षं मी तिच्या शेजारी बसून विणलं, पण माझा एक ठिपकासुद्धा तिने कधी आपल्या कापडात घेतला नाही. मला तुझा हेवा वाटला, बाकी कारण नाही.

उजव्या कडेला बघ. तुझे चंदेरी कागद तिने उपटले नाहीत. पहिले चार वाकडेतिकडे आहेत, ते तुझे. त्यांच्यापुढे आणखी सात आहेत, मापाने, एका ओळीत. तू खाल्लेल्या चॉकलेटांचे टाकून दिलेले कागद ती गोळा करत असणार.

माग परत आणू नकोस. विणणारीकडेच राहू दे.

लोभ आहेच, फार वाढवत नाही, डोक्यावर बसशील.
आत्या