धक्क्यावर काढून ठेवलेल्या चपला

थोरल्या वन्सं मासुयोबाईंना धाकट्या भावजयीचा, फुसाएचा, वाकून नमस्कार. (कंबर धरलीय, तेव्हा जेवढी वाकले तेवढी गोड मानून घ्या.) इथं बेटावर ऊन मरणाचं आहे, झाडावरचे किडे सकाळपासून किरकिरतायत. तुमचे गुडघे काय म्हणतात? तुमची सून अजून मुळ्याच्या लोणच्याच्या फोडी मोजूनच वाढते का? मी जिवंत आहे. हे मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्यापर्यंत उलटी बातमी पोचली असणार, आणि तुम्ही सुतकाचा काळा किमोनो वाऱ्यावर टाकला असणार. घडी घालून ठेवा परत. लागेल कधीतरी.

तर मी बोट घेतली. शिडाची, आत झोपायची सोय असलेली, लांब लांब हिंडायची. तुमचे भाऊ जन्मभर कोळंबीमागं समुद्रभर फिरले, पण समोरचं ते दुसरं, गरम झऱ्याचं बेट, जे मला भांडी घासताना खिडकीतून चव्वेचाळीस वर्षं दिसतंय, तिथं मला एकदा नेलं नाही. "उद्या जाऊ" म्हणायचे. आता ते गेले, मी राहिले, म्हटलं आपणच जावं. दातांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरनं विकली. "थोडीशी पाझरते," म्हणाला हसत हसत. (दात उपटतानाही हे लोक "थोडंसं दुखेल" म्हणतात, तेव्हाच ओळखायला हवं होतं.) रोज सकाळी उठून पहिल्यांदा बारा बादल्या पाणी उपसायचं, मग चहा. डोकं आपटायच्या जागा सात आहेत, सगळ्या पाठ झाल्या, तरी आठवी रोज सापडते. चूल लावली की बोट कलते, आणि मिसोचं सार थेट अंथरुणात. संडासाचा पंप तर विचारूच नका, तो आत घेतो की बाहेर टाकतो हे त्याचं त्यालाच ठरवता येत नाही. थकले हो वन्सं. एवढी तर तुमच्या आईच्या हाताखालीसुद्धा थकले नव्हते.

आणि खरं सांगू का, झालं ते सगळं तुमच्या आईमुळंच. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला दारातच उभं केलं न् शिकवलं, चपला जोडीनं ठेवायच्या, टाचा घराकडं, बोटं बाहेर, सून कशी आहे ते चपलांवरून कळतं. ते हाडात बसलंय माझ्या. बोट म्हणजे आता घरच, मग मागच्या मंगळवारी धक्क्याच्या अगदी कडेला चपला काढल्या, नीट जुळवून ठेवल्या, आत गेले, पाणी उपसलं आणि पुढच्या कोनाड्यात दुपारची आडवी झाले. दोर मी बांधला होता. आपण जेवणाच्या डब्याचं गाठोडं बांधतो ना, तसा. डब्याला ती गाठ पुरते, बोटीला नाही पुरत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घोरत पडले आणि बोट मला घेऊन निघाली ती शिंपल्यातली कालवं वाढवतात त्या तराफ्यांकडं.

मागं धक्क्यावर काय राहिलं? पाण्याच्या कडेला जुळवून ठेवलेल्या विधवेच्या चपला. झालं! मच्छीमार सोसायटीचा ओकिनो धावला, "म्हातारीनं जीव दिला हो! आधी बोट मोकळी सोडली, मग स्वतः गेली!" पोलीस आला. मी नंतर त्याला म्हटलं, "अरे शहाण्या, चपलांची बोटं गावाकडं होती. जीव देणारी बाई उलटी चालत जाते का?" तर म्हणतो, "आजी, आम्हांला वाटलं पाणी बघवलं नसेल, म्हणून पाठमोरी गेलीस."

मला जाग आली ती गावच्या भोंग्यानं. "बहात्तर वर्षांची बाई, ठेंगणी, चौकड्यांची विजार, समुद्रात बेपत्ता." जीव कळवळला माझा. म्हटलं, कुणाची कोण बिचारी, एवढं काय दुःख असेल. (मी एकोणसत्तरची आहे, मला कसं कळावं?) दारातून डोकं काढून हात जोडून बसले. तेवढ्यात कालवंवाल्याची होडी आली. मी विचारलं, "सापडली का रे ती?" तो होडीत मटकन खालीच बसला. धक्क्यावर आले तर भटजी स्कूटरवरून हजर, आणि बायकांनी माझ्या दिवसांचा भात चढवलेला. एवढ्या भाताचं करायचं काय म्हणून त्या माझ्याकडंच रागानं बघायला लागल्या. दोन वाट्या खाल्ल्या मी. मीठ कमी होतं.

हसून घ्या. पुढचं हसण्यासारखं नाही. तुमचा भाचा हिदेताका रात्रीची गाडी न् सकाळची फेरीबोट धरून ओसाकाहून आला. ओरडला असता तर बरं झालं असतं, पण हात धरून बसला. "आई, खरं सांग, तुला काही होतंय का?" म्हटलं, "होतंय. कंबर दुखतेय." तर रडायलाच लागला. मी हसले की त्याला वाटतं लपवतेय, गप्प बसले की वाटतं पुन्हा जाईल. आता त्यानं गिऱ्हाईक बघितलंय, रविवारी येणार. बोट विकायची आणि मी त्याच्या नवव्या मजल्यावर जायचं. म्हणतो, "जाणतं माणूस सोबत असतं तर गोष्ट वेगळी. एकटीला नाही ठेवणार." भांडायचा जोर नाही उरला वन्सं. करून टाकते सही. नवव्या मजल्यावर निदान पाणी तरी उपसावं लागणार नाही.

तब्येतीला जपा. सुनेला माझा आशीर्वाद, आणि एक फोड जास्त वाढ म्हणावं.

तुमची भावजय,
फुसाए

ता. क. सही करत नाही. तुमच्या भावाला वल्हं मारायला तुम्हीच शिकवलं होतंत, गाठीही तुम्हीच. तुमच्याहून जाणतं माणूस कोण? शनिवारच्या फेरीबोटीनं या. तुम्ही हो म्हणालात असं मी हिदेताकाला परवाच सांगून टाकलंय.

आणखी एक. बादली मी आणलीय तुमच्यासाठी, निळी. आणि बोटीवर चढताना चपला पायातच ठेवा, आत येऊन काढा. धक्क्यावर दोन जोड दिसले, तर या वेळी गाव दुप्पट भात शिजवेल.