बादलीच्या जागी किनारा

प्रिय चिमणे,

फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलायला लागतेस आणि मग मला रडू फुटतं. या वेळी मला रडायचं नाहीये, भांडायचं आहे. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच. तुझं एवढं जाडजूड पुस्तक मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय, तेव्हा माझी चार पानं वाचायला तुझी हरकत नसावी. आमच्या घरात बोलायला एकच शब्द उरला होता आणि तो तू नेलास. भांडण त्याचं आहे.

आधी त्या व्हायोलिनचं सांग. तुझे भावोजी जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. ग्रीसने काळी झालेली नखं, खिशात टेस्टर, आणि कुणाकडेही गेलो तरी आधी लिफ्टपाशी उभं राहून तिची घरघर ऐकायची, मग यजमानांकडे बघायचं. हा माणूस तुझ्या कादंबरीत व्हायोलिन वाजवतो. लांबसडक बोटांचा, एकलकोंडा, सारखा खिडकीत उभा. अगं, यांना खिडकीत उभं राहायला वेळ कधी होता? लिफ्टवाल्याच्या मेंदूत गुठळी अडकली तर वाचकाला पुरेसं वाईट वाटत नाही का? त्याला व्हायोलिनच लागतं? खरं सांगते, ते वाचून आधी मला हसू आलं. यांना तर इतकं आलं की हातातला चहा सांडला. म्हटलं, चालायचंच, कादंबरी आहे, थोडी नटवणारच.

पण बादलीला तू हात लावायला नको होतास. तुला आठवतंच आहे सगळं, तरी लिहिते, कारण तुझ्या पुस्तकात ते नाही आणि कुठेतरी ते असायला हवं. हे न्हाणीघरात पडले तेव्हा नळ चालू होता आणि बादली भरून वाहत होती. दवाखान्यात शुद्धीवर आले ते उजवा हात लुळा आणि सगळी भाषा पुसून गेलेली. राहिली फक्त बादली. पाणी हवं तरी बादली, मी कुठे आहे तरी बादली. वॉर्डातल्या मावशी बिचाऱ्या भल्या. यांना उलटी होतेय असं समजून त्यांनी एक बादली आणून ठेवली. हे चिडून पुन्हा बादली म्हणाले, त्यांनी दुसरी आणली. तू प्रयोगशाळेतून तशीच पांढऱ्या कोटात धावत आलीस तेव्हा पलंगाखाली बादल्यांची रांग लागली होती आणि मी त्या रांगेशेजारी बसून हुंदके देत होते.

तू खुर्ची ओढलीस, यांच्यासमोर बसलीस आणि नुसती ऐकत राहिलीस. मग मला म्हणालीस, ताई, शब्द सोडून दे, चाल ऐक. शब्द अडकलाय, चाल शाबूत आहे. भावोजी प्रश्न विचारतायत, चिडतायत, तू जेवलीस का म्हणतायत, सगळं त्या एकाच शब्दात. आणि खरंच तसं होतं. शेवटी वर चढणारी बादली म्हणजे प्रश्न. तुटक बादली म्हणजे नको. लांबवलेली, जराशी घसरणारी बादली म्हणजे ये, बस थोडी. डॉक्टर फाइल बघून जे सांगू शकले नव्हते ते तू माणूस बघून सांगितलंस. इतकी वर्षं तू उंदरांच्या मेंदूचे काप करत बसायचीस ते कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे तू नोकरी सोडून कादंबऱ्या लिहायचं ठरवलंस तेव्हा सगळं घर तुला वेड्यात काढत होतं, तुझ्या बाजूने भांडणारी मी एकटी होते. म्हटलं, हिला ऐकता येतं, हिने लिहिलंच पाहिजे.

म्हणून तर संताप जास्त होतो. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं, त्या बापड्याला काय ठाऊक. तुला सगळं ठाऊक होतं. आणि तुझ्या नायकाच्या तोंडी एकच शब्द उरतो तो कोणता, तर किनारा! न्हाणीघरात ओल्या फरशीवर पडलेल्या कोणत्या माणसाच्या तोंडात किनारा अडकतो गं? मी फोनवर विचारलं तर म्हणालीस, ताई, बादली म्हटलं की वाचक हसतो, आणि रडायच्या जागी वाचक हसला की कादंबरी कोसळते. हसू दे की मग! आम्ही हसलोच की. दाराची बेल वाजली की हे आतून बादली म्हणून ओरडायचे आणि पोस्टमन बाहेरून म्हणायचा, आलो हो बादलीवाले. वरच्या मजल्यावरच्या बाईंबरोबर पत्ते खेळताना हे चक्क लबाडी करायचे, आणि पकडले गेले की इतक्या साळसूदपणे बादली म्हणायचे की आम्ही दोघी पोट धरून हसायचो. ते हसणं तुझ्या पुस्तकात कुठे गेलं? तुझ्या त्या घरात सगळे हळू चालतात, पडदे हलतात आणि कुणालाही कधी भूक लागत नाही.

मी दुकानात दिवसभर लोकांचे कपडे आखूड-लांब करते, कमरेत घेते, सोडते. पण ज्याचा कपडा त्याच्या अंगाला बसावा म्हणून करते. तू यांचा कपडा उसवून दुसऱ्याच्याच मापाचा शिवलास, आणि सगळे तुझी टीप काय सरळ आहे म्हणून वाहवा करतायत.

एवढ्यावर थांबली असतीस तर मी आठवडाभर फुगून बसले असते आणि मग नेहमीसारखा मीच फोन केला असता. पण तुझं शेवटचं प्रकरण आहे ना. पुस्तक आल्यापासून दुकानातून घरी आले की मी यांना रोज थोडं मोठ्याने वाचून दाखवायचे. बाल्कनीत, चहा पिताना. यांची ऐट बघायला हवी होतीस. मी किनारा असं वाचलं की हे दर वेळी बोट वर करून माझी चूक सुधारायचे. बादली. मग हातानेच खूण, पुढे वाच. पुन्हा किनारा, पुन्हा बादली. मास्तरच जणू. शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी तर वरच्या बाईसुद्धा ऐकायला आल्या होत्या. मी वाचत होते. तुझ्या नायकाची बायको मैत्रिणीशी बोलतेय, तो दाराआड उभा आहे. आणि ती म्हणते, एकदा तरी घर गप्प व्हावं असं वाटतं गं.

माझी जीभ अडखळली, पण तोवर वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. ते माझं वाक्य आहे, चिमणे. माझ्या स्वयंपाकघरात, भांडी विसळताना, तापातून उठल्यावर, मी तुला म्हटलं होतं. बहिणीला म्हटलं होतं, लेखिकेला नव्हे. दमलेलं माणूस असं बोलतं, दुसऱ्या दिवशी विसरतं. मिक्सर लागला, शेजारी भिंतीला ड्रिल लागलं, तरी मी हेच म्हणते हे यांना लग्नापासून ठाऊक आहे. माझं बोलणं यांना ओळखू येणार नाही असं वाटलं तुला? लिफ्टचं व्हायोलिन केलंस, बादलीचा किनारा केलास, मला दुकानातून उठवून चित्रकार केलंस, आणि जे बदलायला हवं होतं तेवढं एकच वाक्य जसंच्या तसं छापलंस!

आणि पुढे काय, तर नायक ते ऐकतो आणि तिच्यासाठी कायमचा गप्प होतो. आणि ती खिडकी उघडते आणि कितीतरी वर्षांनी मोकळा श्वास घेते. परीक्षणात छापून आलंय की असा त्याग मराठी कादंबरीत पूर्वी आला नव्हता. त्याग! मी वाचायची थांबले तेव्हा यांनी डाव्या हाताने पुस्तक मिटलं, माझ्या मांडीवर ठेवलं, माझा हात थोपटला आणि उठून आत गेले. वरच्या बाई अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेल्या. त्या दिवसापासून यांच्या तोंडून बादली निघालेली नाही.

आजारी नाहीत. डॉक्टरांना दाखवलं, नवीन काही झालेलं नाही. सगळं ऐकतात, मान हलवतात, बोटाने दाखवतात, अगदी गुणी माणसासारखे वागतात. मला या गुणीपणाचा वीट आलाय. बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात तर यांनी भिंतीकडे तोंड केलेलं असतं. गेल्या महिन्यात त्या यांच्याकडून गाण्याच्या चालीवर दुसरा एक शब्द काढून घेण्याच्या बेतात होत्या. आता म्हणतात, असंच चाललं तर दुसरा येणं लांबच, जो आहे तोही हातचा जाईल. मी यांना विनवलं, रडले, शेवटी डिवचलंसुद्धा. म्हटलं, ते वाक्य माझं आहे, पण तो मोकळा श्वास माझा नाही, तो चिमणीने पदरचा घातलाय. यांना वाटतं मी समजूत काढतेय. छापलेलं तेवढं खरं आणि बायको सांगते ती समजूत. पुन्हा हात थोपटतात. घर गप्प आहे, चिमणे. मला नकोय हे असलं घर.

आणि परवा तुझी आमंत्रणपत्रिका आली. सत्कार आहे, पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवल्या आहेत, गाडी पाठवतेस, आणि भावोजींना दोन मिनिटं मंचावर बोलावायचा विचार आहे. कशाला? किनारा म्हणायला?

आम्ही येणार नाही. तू ये. तू कॉलेजला असताना आमच्याकडे राहायचीस आणि आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आठवतं? तू दार फाकवून फटीतून खाली उतरायला निघाली होतीस. यांनी तुला बाहेर काढलं आणि घरी येईपर्यंत जिनाभर असं झापलं की शेजारीपाजारी दारात आले. अक्कल गहाण टाकली होतीस का? अडकलं की आत बसायचं आणि घंटा वाजवत राहायचं, बाहेर कुणी ना कुणी ऐकत असतं. आता हेच अडकलेत आणि यांनी घंटा सोडून दिलीय, कारण बाहेरच्यांना त्रास होतो असं तू छापलंस. तेव्हा समारंभ होऊ दे नाहीतर राहू दे, तू ये. पुस्तक आणू नकोस, फुलं आणू नकोस. तशीच खुर्ची ओढून यांच्यासमोर बस आणि यांच्या तोंडावर सांग की तो शेवट तू रचलास आणि तुझ्या ताईने असा श्वास कधी घेतला नाही. माझ्यावर हे चिडत नाहीत. तुझ्यावर चिडल्याशिवाय यांच्याने राहवणार नाही. चिडू दे. मान खाली घालून बस, मध्ये बोलू नकोस. मी दाराआड उभी राहीन. यांनी तुला घातलेली एकूण एक शिवी मला या कानांनी ऐकायची आहे, बादली, बादली, बादली.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई