डाव्या हाताची दांडी

रिठद,
८ जानेवारी १९७८

चि. विजयमाला हिला अनेक आशीर्वाद व जयभीम.

मंगळवारी सकाळी वंदना आटोपून मी वाशिमची एसटी धरली. तिथल्या लोकरीच्या दुकानात गेलो, उजवा हात कोटाच्या खिशात घातला आणि लोकर गुंडाळायची यंत्रं डाव्या हातानं पाहू लागलो.

देवमनमामा सांगत होते, तू विणकाम गुडघ्याला पिनेनं अडकवून टोप्या विणतेस; पण लडीचा गुंडा करायला मामीची वाट पाहत बसतेस. म्हणून गेलो.

एक यंत्र लाकडी होतं, हातात धरायचं. त्याला दुसरा हात लागतोच. दुसरं लोखंडी, टेबलाला आवळून बसवायचं. धागा तारेच्या कडीतून आपोआप येतो.

दुकानदार हसला. "काका, उजवा हात घरी विसरले काय?"

"मी नाही विसरलो. पोरीले उजवा हात नाही."

मग त्यानंच ते यंत्र टेबलाच्या दुसऱ्या कडेला लावलं. "आता दांडी डाव्या हाताले येते. पाहा फिरवून."

मला फिरवता येईना. त्याला वाटलं दांडी जड आहे. त्यानं तेल सोडलं. दांडी जड नव्हती, बाई. कडबा कापायच्या चाकाला मी त्या दिवसापासून हात लावलेला नाही.

घरी सर्व ठीक. म्हैस व्याली, वगार झाली. तूर कापून झाली.

त्या सकाळी गल्लीतला जगदेव रस्त्यानं गेला, त्याला जयभीम घालण्यात तुझी हाक ऐकू आली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. जगदेव गेला हे खरं. पण तो पार वळणावर गेल्यावर तू म्हणालीस, "बाबा, थांबा, पेंढी अटकली." मी ऐकलं. वाटलं, चाकाला अजून एक फेरा दिला की निघते.

दवाखान्यात तू माझ्याकडे पाहिलंस आणि काही बोलली नाहीस. तुझी माय दोन वर्षं म्हणत राहिली, "आंधळी होती काय? चालत्या चाकात हात कायले घातला?" तेही तू ऐकून घेतलंस, आणि एक दिवस मामाकडे निघून गेलीस. रोज पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या शीलापाशी माझा आवाज खाली जातो. विहारात कोणाच्या ध्यानात येत नाही.

यंत्र मामांच्या हाती पाठवतो. लडी खुर्चीच्या पाठीला अडकव, टोक कडीतून ओव, सावकाश फिरव. गुंता वाटला की थांब.

तुझ्या मायला वाचता येत नाही. म्हणून इथवरचं पत्र आत्ता चुलीपाशी बसून तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं तवा उतरवला. मग म्हणाली, "मी पोरीलेच बोलत राह्यली. अन् तुमी बसून ऐकत राह्यले." उठून पिशवीत एक लुगडं भरलं. उद्या पहिल्या गाडीनं यंत्र तीच घेऊन येते आहे. मला चल म्हणाली नाही.

ज्याला त्या दिवशी ऐकू आलं होतं, तो
तुझा बाबा,
पुंजाजी